पीसीओएस: पाळी यायची गोळी संपल्यावर पुढे काय?

लातूर असो, नांदेड असो की बीड, स्त्रीरोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे हार्मोन बिघडून अंडं वेळेवर न पिकण्याचा आजार) असलेली पोरगी जी पिशवी घेऊन येते ती बहुतेक वेळा सारखीच असते. त्यात तीन-चार सोनोग्राफीचे रिपोर्ट, वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि पाळी यायच्या गोळ्यांची अर्धी राहिलेली पट्टी. गोळ्या घेतल्या की पाळी येते, संपल्या की पुन्हा दोन-तीन महिने पत्ता नसतो. मग घरचे म्हणतात, या डॉक्टरचा गुण येईना, दुसरीकडे दाखवू. दुसरीकडे पुन्हा सोनोग्राफी, पुन्हा दहा दिवसांच्या गोळ्या. अशी चार-पाच वर्षं सहज निघून जातात, आणि तोवर वजन, शुगर, चेहऱ्यावरचे केस यांच्याकडे कुणी बघितलेलंच नसतं.

पाळी आणणं हा या आजारातल्या उपचाराचा एक छोटा भाग आहे. पीसीओएस मुळापासून 'बरा' करणारं औषध आज नाही, हे आधी स्पष्ट सांगते. पण तो चांगला ताब्यात राहतो, दिवस जातात, मधुमेह लांबवता येतो. त्यासाठी सध्या आपल्याला नेमकं काय हवंय ते ठरवावं लागतं आणि एकच मार्ग किमान सहा महिने धरून ठेवावा लागतो. तो कसा धरायचा ते इथे क्रमाने लिहिते. औषधांची नावं आणि मात्रा दिल्या आहेत त्या तुम्हाला चिठ्ठी समजावी म्हणून. मेडिकलवर जाऊन स्वतःच मागून घेण्यासाठी नाहीत.

पहिली पायरी: कॅलेंडर

स्वयंपाकघरात जे कॅलेंडर टांगलेलं असतं, ज्यावर दुधाचा आणि गॅसचा हिशेब असतो, तेच चालेल. पाळीच्या पहिल्या दिवसावर गोल करायचा. गोळ्या घेऊन आली असेल तर गोलाशेजारी 'गो' लिहायचं. हा 'गो' फार महत्त्वाचा, कारण गोळीने आलेली पाळी आणि आपणहून आलेली पाळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि डॉक्टरांना दुसरी मोजायची असते. नवरात्रात किंवा घरच्या कार्याला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर तेही लिहा. बायका हे डॉक्टरांना सांगतच नाहीत आणि सगळा हिशेब चुकतो.

किती दिवसांचं अंतर बरोबर, हे वयावर ठरतं. पहिली पाळी आल्यानंतरच्या पहिल्या वर्षात ती मागेपुढे होणारच, त्याला आजार म्हणायचं नाही. एक ते तीन वर्षांपर्यंत २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. तीन वर्षांनंतर ते २१ ते ३५ दिवसांत यायला हवं. पुढे वर्षभरात आठपेक्षा कमी पाळ्या आल्या, किंवा एखाद्या वेळी ९० दिवसांहून जास्त खंड पडला, तर दाखवायचं. वय १५ झालं आणि पाळी आलीच नाही, तरी दाखवायचं.

आठवीतल्या पोरीची पाळी दीड महिन्याने आली म्हणून सोनोग्राफीला पळवणारी आई मला नेहमी भेटते. आणि तेविसाव्या वर्षी चार-चार महिने पाळी नसताना 'लग्न झालं की होईल नीट' म्हणून थांबलेली आईही भेटते. पहिलीने थांबावं, दुसरीने निघावं.

दुसरी पायरी: खरंच पीसीओएस आहे का?

आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात, चिठ्ठीवरही तेच असतं. नावात अडकू नका. निदान कसं होतं ते समजून घ्या, कारण इथेच जास्त गोंधळ आहे.

२००३ मध्ये नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात तज्ज्ञांची बैठक झाली, तिथे ठरलेले निकष थोड्या सुधारणांसह आजही वापरले जातात. तीन गोष्टी बघायच्या: पाळी अनियमित आहे का; अँड्रोजेन म्हणजे पुरुषी हार्मोन वाढल्याच्या खुणा आहेत का, मग त्या अंगावर दिसोत की रक्तात; आणि सोनोग्राफीत अंडाशयात बारक्या बारक्या पिशव्या खूप दिसतात का. तीनपैकी दोन असतील आणि दुसरं कुठलं कारण सापडलं नाही, तर पीसीओएस. म्हणजे पाळी अनियमित आहे आणि हनुवटीवर जाड काळे केस आहेत, तर सोनोग्राफीशिवायही निदान होतं. उलट पाळी वेळेवर, केस नाहीत, मुरमं नाहीत आणि पोटदुखीसाठी केलेल्या सोनोग्राफीत 'पीसीओ' लिहून आलं, तर त्या एका ओळीवरून आजार ठरत नाही. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मोठ्या बायकांत सोनोग्राफीऐवजी एएमएच ही, अंडाशयातल्या या पिशव्यांचा अंदाज देणारी रक्ततपासणीही चालते.

किशोरवयात नियम कडक आहे. तिथे पाळीची अनियमितता आणि अँड्रोजेनच्या खुणा, दोन्ही हव्यात. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं तरी सोनोग्राफीवरून निदान करायचं नाही, कारण त्या वयात निरोगी पोरींचं अंडाशयही तसंच दिसतं.

आणि त्या 'गाठी'. रिपोर्ट ऐकून आई रडायला लागते, कारण गाठ म्हटलं की आपल्या मनात कॅन्सर येतो. त्या गाठी नसतात. अंडं ज्यात वाढतं त्या पाण्याच्या बारीक पिशव्या असतात. दर महिन्याला त्यातली एक मोठी होऊन फुटायची, ती फुटत नाही, म्हणून बारक्या बारक्या साचलेल्या दिसतात. त्या काढाव्या लागत नाहीत, पोटात फुटून विषही होत नाही.

मूळ बिघाड बऱ्याच जणींत इन्सुलिनशी जोडलेला असतो. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त तयार होतं. वाढलेलं इन्सुलिन अंडाशयाला जास्त अँड्रोजेन करायला लावतं, आणि त्यामुळे अंडं वेळेवर पिकत नाही. मानेवर, काखेत काळपट मखमली पट्टे दिसतात ते याचंच लक्षण. पोरी तो मळ समजून दगडाने घासतात, बेसन-लिंबू चोळतात. कातडी सोलते, काळेपणा जात नाही. इन्सुलिनची बाजू सुधारली की तो हळूहळू फिका होतो.

तिसरी पायरी: तपासण्या

सगळ्यांना सगळ्या तपासण्या लागत नाहीत. सुरुवातीला टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन (पुरुषी हार्मोन) आणि बहुतेक वेळा १७-ओएचपी (मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीचा बिघाड शोधायला), एवढ्या रक्ततपासण्यांत पीसीओएससारखे दिसणारे इतर आजार वेगळे काढता येतात. नुसता थायरॉइड कमी असला तरी पाळी बिघडते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनचा आकडा खरा येत नाही, त्या साधारण तीन महिने बंद असाव्या लागतात. आणि लग्न झालेलं असो-नसो, शरीरसंबंध आलेले असतील तर आधी लघवीची प्रेग्नन्सी तपासणी. हा प्रश्न आईसमोर विचारला की पोरगी नाही म्हणते. म्हणून आयांना माझी विनंती आहे, पाच मिनिटं तुम्ही बाहेर बसा.

शुगरची तपासणी कुणीही टाळू नये, बारीक असलेल्यांनीही नाही. त्यातही नुसती उपाशीपोटीची शुगर पुरत नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली तपासणी सगळ्यात विश्वासाची. दोन तासांचा आकडा १४० च्या खाली असेल तर ठीक, १४० ते १९९ मधुमेहाच्या उंबरठ्यावर, २०० किंवा वर म्हणजे मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी सोपी आहे खरी, पण आपल्याकडच्या बऱ्याच पोरींचं रक्त कमी असतं आणि लोह कमी असलं की ती तपासणी फसवते.

गावाकडून येणार असाल तर ही तपासणी अशी जुळवा: रात्रीचं जेवण नेहमीसारखं, ते नऊच्या आत. नंतर फक्त पाणी, सकाळचा चहाही नाही. पहिल्या एसटीने निघा, म्हणजे पहिलं रक्त नऊ-साडेनऊपर्यंत जाईल. ग्लुकोजचं पाणी पाच मिनिटांत संपवायचं. लिंबू पिळून चालेल का ते लॅबवाल्याला विचारा, बहुतेक जण हो म्हणतात आणि मळमळ कमी होते. मग दोन तास तिथेच बसायचं. त्या वेळात बाजाराचं काम उरकायला गेलात तर आकडा बिघडतो. दुसरं रक्त दिलं की खायला डबा सोबत असू द्या.

यासोबत कोलेस्टेरॉलची तपासणी, बीपी, वजन आणि कंबरेचा घेर. कंबर ८० सेंटिमीटरच्या वर असेल तर सावध व्हायचं. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, आपल्या लोकांसाठी २३ पासूनच जास्त धरतात, २५ हा गोऱ्या देशांतला आकडा आहे.

पैशाची अडचण असेल तर या तपासण्यांसाठी शासकीय रुग्णालय गाठा: संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेड आणि लातूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं. रांग असते, दिवस मोडतो, पण स्त्रीरोग, त्वचारोग आणि मेडिसिन एकाच आवारात मिळतं, आणि या आजाराला ते तिन्ही लागतात. सोनोग्राफी मात्र दर दोन महिन्यांनी करून घेऊ नका. 'गाठी कमी झाल्या का' हे बघायला ती करायची नसते.

चौथी पायरी: सध्या काय हवंय ते ठरवा

वय १७, 'नीट' या मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी चालू, पाळी चार महिन्यांनी आणि अंगावरून खूप जातं. वय २४, चेहऱ्यावरचे केस, लग्नाचं बघणं चाललंय. वय २८, दोन वर्षं झाली, दिवस राहत नाहीत. वय ३८, दोन लेकरं, वजन ८२, शुगर उंबरठ्यावर. चौघींनाही पीसीओएस आहे आणि चौघींची चिठ्ठी वेगळी असणार. म्हणून शेजारणीच्या गोळ्या आपल्याला चालत नाहीत, आणि आपल्याच तीन वर्षांपूर्वीच्या चिठ्ठीवरच्याही आज चालतीलच असं नाही. डॉक्टरांकडे गेल्यावर पहिलं वाक्य 'मला पीसीओडी आहे' याऐवजी 'मला सध्या हे हवंय' असं असू द्या.

पाचवी पायरी: औषधं

*पाळी नियमित आणि केस-मुरमं कमी हवीत, मूल सध्या नको.* यासाठी पहिलं औषध म्हणजे गर्भनिरोधक गोळ्या. इथे घरात वादळ उठतं: 'कुवार पोरीला या गोळ्या?' त्या गोळ्यांचं नाव त्यांच्या एका उपयोगावरून पडलंय एवढंच. त्या अंडाशयाला विश्रांती देतात, अँड्रोजेन खाली आणतात आणि गर्भाशयाच्या अस्तराला जपतात. त्यांनी पुढे मूल होत नाही ही भीती निराधार आहे, बंद केल्यावर प्रजननक्षमता परत येते.

इथिनिल एस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनचा प्रकार) २० ते ३० मायक्रोग्रॅम असलेली साधी गोळी पुरते. महाग ब्रँड जास्त गुणाचा असं सिद्ध झालेलं नाही. सायप्रोटेरॉन (अँड्रोजेन रोखणारं औषध) आणि ३५ मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेनवाली गोळी सर्रास लिहिली जाते, पण ती पहिल्या पसंतीची नाही, तिच्यात रक्ताची गुठळी होण्याचा धोका जरा जास्त. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आशाताईंकडे मोफत मिळणारी 'माला-एन' ३० मायक्रोग्रॅमची आहे, ती चालेल का हे डॉक्टरांना जरूर विचारा. त्याच आशाताईंकडे 'छाया' नावाची आठवड्याची गोळीही असते. ती पीसीओएसमध्ये घ्यायची नाही. दोन्ही सरकारी, दोन्ही मोफत, म्हणून अदलाबदल होते. तेवढं लक्षात असू द्या.

डोळ्यांपुढे चमकून येणारी अर्धशिशी, वाढलेलं बीपी, पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाल्याचा इतिहास, तंबाखू ओढण्याची सवय आणि वय ३५ च्या वर, यातलं काहीही असेल तर ते गोळ्या सुरू होण्याआधी सांगा. मिसरीबद्दलही सांगा, लाजू नका. गोळ्या चालू असताना एका पायाची पोटरी सुजून दुखली, दम लागला, छातीत दुखलं किंवा अचानक भयंकर डोकं उठलं, तर त्याच दिवशी दवाखाना.

*फक्त पाळीचा खंड मोडायचाय.* गर्भनिरोधक गोळी चालत नसेल किंवा नको असेल तर प्रोजेस्टेरॉनच्या गोटातली गोळी, उदाहरणार्थ मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन १० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस देतात. संपल्यावर साधारण आठवड्याभरात पाळी येते. हीच ती 'पाळी यायची गोळी'. तिचं काम अस्तर साफ करणं. पाळी महिनोन्महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत राहतं, आणि अनेक वर्षं तसंच राहिलं तर त्यातून कॅन्सरचा धोका वाढतो. तरुण वयात एकूण धोका कमीच आहे, घाबरून जाऊ नका, पण ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडू द्यायचा नाही. कॅलेंडरवर शेवटच्या गोलापासून तीन महिने मोजा आणि तिथे आधीच खूण करून ठेवा. केस, मुरमं, वजन, शुगर यांवर या गोळीचा काही परिणाम होत नाही. तिच्याकडून तशी अपेक्षा ठेवली की निराशा होते.

*मेटफॉर्मिन.* हिच्यावर सगळ्यात जास्त गैरसमज. 'मला शुगर नाही तरी शुगरची गोळी दिली' म्हणून पोरी ती कचऱ्यात टाकतात. मेटफॉर्मिन शरीराला इन्सुलिनची दाद द्यायला मदत करते. वजन जास्त असेल, शुगर उंबरठ्यावर असेल, घरात मधुमेह असेल, तर ती उपयोगी. काहींची पाळीही सुधारते. नुसती मेटफॉर्मिन घेतल्याने शुगर धोकादायक खाली जात नाही, सवयही लागत नाही.

ती सुटते ती पोटामुळे. मळमळ, जुलाब, तोंडाला धातूसारखी चव. यावर उपाय म्हणजे सावकाश चढणं: ५०० मिलिग्रॅमची एक गोळी रात्रीच्या जेवणासोबत, एक-दोन आठवड्यांनी दुसरी, असं डॉक्टर सांगतील तिथपर्यंत. मोठ्यांत कमाल मात्रा २५०० मिलिग्रॅम, किशोरवयात २०००. उपाशीपोटी घेऊ नका, भाकरीचे चार घास पोटात गेले की मगच. हळू विरघळणारी, नावापुढे 'एसआर' किंवा 'ईआर' लिहिलेली गोळी पोटाला सोपी जाते. तिचं रिकामं टरफल कधी कधी शौचात दिसतं, औषध वाया गेलेलं नसतं. उलट्या-जुलाब जोरात लागले तर ती थांबवून डॉक्टरांना विचारायचं. जास्त वर्षं घेतली तर बी-१२ कमी होतं. मांसाहार न करणाऱ्या घरात ते आधीच कमी असतं, म्हणून ते तपासत राहा.

*केस.* इथे धीर लागतो. कुठल्याही गोळीचा परिणाम दिसायला किमान सहा महिने जातात, कारण उगवलेला केस गळून नवा बारीक यावा लागतो. तोवर थ्रेडिंग करा, कापा, त्याने केस जाड होत नाहीत. परवडत असेल तर लेझर चांगलं, पण हार्मोन ताब्यात नसताना केलं तर केस पुन्हा येतात. सहा महिन्यांत गर्भनिरोधक गोळ्यांनी भागलं नाही तर अँड्रोजेनचा परिणाम रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन जोडतात. त्या काळात दिवस राहता कामा नयेत, पोटातल्या मुलग्याच्या वाढीला त्यापासून धोका असतो. आणि एक कळकळीने सांगते: मेडिकलवर डाग जायला, गोरं व्हायला म्हणून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बरेचदा स्टेरॉइड असतं. ती महिनोन्महिने लावल्याने चेहऱ्यावर मुरमं आणि लव वाढते. पीसीओएस आहे आणि वर ही ट्यूब, अशा पोरीचा चेहरा कुठल्याच औषधाला दाद देत नाही.

*मूल हवंय.* अंडं पिकवायला आज पहिल्या पसंतीचं औषध लेट्रोझोल. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, २.५ मिलिग्रॅमपासून सुरू करून गरजेप्रमाणे वाढवत. भारतात २०११ मध्ये वंध्यत्वासाठी तिच्यावर बंदी आली होती, ती २०१७ मध्ये उठली, म्हणून जुनी माहिती वाचून घाबरू नका. त्याआधी तीन गोष्टी: नवऱ्याची वीर्यतपासणी, रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड, आणि शुगर-बीपी बघून घेणं. वीर्यतपासणीला नवरे टाळाटाळ करतात आणि बायकोवर वर्षभर औषधं होत राहतात. ही साधी, स्वस्त तपासणी आहे, तिच्यासाठी सासूबाईंनी लेकाला सांगावं. त्यांनी सांगितलं की काम होतं. दिवस राहिल्यावर शुगर लवकर तपासायची आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. अंडाशयाला दुर्बिणीतून छिद्रं पाडायचं ऑपरेशन, आयव्हीएफ, हे नंतरचे टप्पे. पहिल्याच भेटीत कुणी ते सुचवलं तर दुसरं मत घ्या.

इनोसिटॉल या पूरक पदार्थाच्या पुड्या आज सगळीकडे लिहिल्या जातात. त्यांचा मोठा अपाय नाही, फायद्याचा पुरावा मर्यादित आहे आणि महिन्याचा खर्च बराच. त्या पैशात घरात रोज अंडी आणि डाळ येत असेल तर मी ते आधी आणायला सांगेन. काढे-चूर्णं घेत असाल तर लपवू नका, डॉक्टरांना पुडी दाखवा.

सहावी पायरी: ताट

पीसीओएसचा असा एकच खास आहार नाही. कुठला एक डाएट दुसऱ्याहून सरस ठरलेला नाही, त्यामुळे किन्वा, ओट्स, बदामाचं दूध यांच्या मागे लागून घर वेठीला धरू नका. मराठवाड्याच्या चुलीवर जे पिढ्यान्‌पिढ्या शिजतं त्यातच उत्तर आहे. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, अंबाडीची, घोळीची, हरभऱ्याची भाजी, ताक, हिवाळ्यात बाजरी. बिघडलंय ते प्रमाण.

बहुतेक ताटांत काय असतं बघा: तीन भाकरी, कडेला चमचाभर पातळ भाजी, ठेचा, वरून भात. पोट भरतं, प्रथिनं नावाला. बदल असा करा: भाकऱ्या तीनच्या दोन, भाजीची वाटी दुप्पट, आणि घट्ट वरण किंवा मोडाची मटकी-मूग एक वाटी. भात असेल तर एक भाकरी कमी. ताटात कच्चा कांदा, काकडी, मुळा. लातूर-नांदेडचं सोयाबीन पोत्यांनी बाजारात जातं आणि घरात एक दाणा शिजत नाही, याचं मला वाईट वाटतं. ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांतून साधारण १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. अंडी चालत असतील तर दोन अंडी म्हणजे १२ ग्रॅम. शेंगदाण्याची चटणी चांगलीच, पण ती चटणीसारखी खा, तेल तिच्यातही भरपूर आहे. धपाटे दह्यासोबत खा, तेल कमी सोडा.

साखर सगळ्यात जास्त जाते ती चहातून. कपात दोन चमचे, दिवसाला पाच कप, म्हणजे साधारण ५० ग्रॅम. आलेल्या प्रत्येक पाहुण्यासोबत आपणही अर्धा कप घेतो तो वेगळा. आधी पाच कपांचे तीन करा, मग साखर अर्धी. गुळाचा चहा केला तरी हिशेब तोच राहतो. सोबतचे टोस्ट, खारी, बिस्किटं बंद करून मूठभर फुटाणे ठेवा.

लातूरला किंवा संभाजीनगरला क्लाससाठी राहणाऱ्या पोरींचं वेगळं लिहायला हवं. बारा-चौदा तास बसणं, मेसची बटाट्याची भाजी आणि भात, रात्री दीडला मॅगी, सकाळी नाष्टा न करता क्लास. या दोन वर्षांत पाळी बिघडलेल्या आणि वजन वाढलेल्या मुली मी खूप बघते. खोलीवर चूल नसली तरी एवढं होतं: रात्री मूग किंवा हरभरे भिजत घालायचे, सकाळी कांदा-लिंबू घालून वाटीभर खायचे. मेसवालीकडून भाताऐवजी भाकरी किंवा पोळी आणि दुप्पट वरण मागायचं. दही पाव किलो आणून दोन दिवस. इलेक्ट्रिक किटलीत अंडी उकडतात. आईने गावाहून डबा पाठवताना शंकरपाळे-लाडूंच्या जोडीला भाजलेले शेंगदाणे, फुटाणे आणि जवसाची चटणी पाठवावी.

उपवास. नवरात्रात नऊ दिवस साबुदाणा खिचडी, बटाटा आणि चहा, म्हणजे नुसता स्टार्च आणि साखर. उपवास सोडा असं मी म्हणणार नाही, तुळजाभवानीच्या मुलखात कुणी ऐकणारही नाही. साबुदाण्याऐवजी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, रताळं, काकडी एवढं करा. मेटफॉर्मिन चालू असेल तर निर्जळी उपवास करू नका, आणि गोळ्या कशा घ्यायच्या ते नवरात्राआधी विचारून ठेवा. येळवशीला शेतात भज्जी, आंबिल, उंडे पोटभर खा. वर्षातून एका दिवसाने काही होत नाही.

सातवी पायरी: अंग हलवणं

आठवड्याला किमान १५० मिनिटं, वजन कमी करायचं असेल तर २५० च्या आसपास भरभर चालणं, म्हणजे बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतका वेग. शिवाय आठवड्यातून दोन दिवस, सलग नाही, ताकदीचा व्यायाम. हा दुसरा भाग बायका सोडून देतात, आणि इन्सुलिनच्या दृष्टीने तोच मोलाचा, कारण साखर वापरतात ते स्नायू. उठाबशा पंधरा-पंधराच्या तीन फेऱ्या, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याने भरलेल्या दोन बाटल्या खांद्यापर्यंत उचलणं. पोलीस भरतीच्या पोरी पहाटे ज्या मैदानावर पळतात तिथे तुम्हीही जा. तिथे बायकांची सोबत असते आणि गावात कुणी नावं ठेवत नाही. चैत्र-वैशाखात पारा चाळिशीच्या वर गेला की पहाटे सहाच्या आत चालून घ्यायचं, नाहीतर घरातच सूर्यनमस्कार.

जी बाई दिवसभर निंदणी-खुरपणी करते, ऊस तोडते, तिला मी 'रोज पाऊण तास चाला' म्हणत नाही. तिचं अंग हललेलंच असतं. तिला हवंय पुरेसं वरण, अंडं, रक्तवाढीची गोळी आणि सहा-सात तास झोप.

वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरवलं तरी पाळी आपणहून यायला लागू शकते. ७५ किलोच्या बाईला म्हणजे चार ते साडेसात किलो, आणि त्याला सहा महिने द्या. बारीक अंगाच्या पोरींनाही पीसीओएस असतो. त्यांनी उपाशी राहू नये, नाहीतर त्यानेच पाळी जाते. त्यांना ताकदीचा व्यायाम आणि प्रथिनं पुरेत.

या आजारात उदासपणा आणि चिंता इतर बायकांपेक्षा जास्त आढळते. चिडचिड, झोप न येणं, आरशात बघणं टाळणं, कशातच मन न लागणं असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर तेही डॉक्टरांना सांगायचं लक्षण आहे. मोठ्याने घोरणं आणि दिवसभर पेंग येत असेल तर तेही. आणि घरच्यांनी 'किती सुटलीस', 'मिशा बघ' हे बोलणं आजपासून थांबवावं. पोरगी जेवण सोडते, नंतर रात्री डबे धुंडाळते, आणि वजन आणखी वाढतं.

गर्भपिशवी काढून टाकली तर?

नाही. पीसीओएस हा गर्भपिशवीचा आजारच नाही. ती काढली तरी इन्सुलिन, शुगर, केस, वजन सगळं जिथल्या तिथे राहतं. बीड जिल्ह्यात ऊसतोड बायकांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा प्रश्न २०१९ मध्ये इतका पेटला की राज्य सरकारला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. त्यात कितीतरी बायका तिशी-पस्तिशीतल्या होत्या. अंगावरून जातंय, पाळी बिघडलीय, कॅन्सर होईल, एवढ्या बोलण्यावर कुणी ऑपरेशनची तारीख देत असेल, तर सगळे कागद उचला आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात दाखवा.

थांबायचं नाही अशी लक्षणं

तासाला एक पॅड भिजेल असा रक्तस्राव, चक्कर, अंग पांढरं पडणं. पाळी चुकलेली असताना पोटात एका बाजूला तीव्र दुखणं, कारण नळीतला गर्भ असू शकतो. दोन-तीन महिन्यांत झपाट्याने वाढलेले केस, आवाज घोगरा होणं. पीसीओएसमध्ये केस वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात, असं अचानक झालं तर दुसरं काही शोधावं लागतं. आणि वय चाळीसच्या पुढे असताना अनियमित रक्तस्राव.

पुढच्या भेटीला काय न्यायचं

पहिली भेट तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी. बीपी आणि वजन दरवर्षी तरी, शुगरची ७५ ग्रॅमवाली तपासणी धोक्याप्रमाणे एक ते तीन वर्षांनी. जाताना कॅलेंडरच्या पानांचे फोटो न्या. चालू गोळ्यांच्या पट्ट्या न्या, नावं आठवत बसू नका. कंबरेचा आणि वजनाचा आकडा महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी घेतलेला. केसांसाठी औषध चालू असेल तर हनुवटीचा फोटो दर दोन महिन्यांनी त्याच खिडकीच्या उजेडात काढलेला, कारण रोज आरशात बघणाऱ्याला फरक कळत नाही. आणि कागदावर तीनच प्रश्न लिहून न्या: ही गोळी कशासाठी आहे, ती किती महिने घ्यायची, आणि बंद केल्यावर पुढे काय.